एकास एक : दोन जर्मन मार्कांचा भाव आणि त्याची किंमत

१/२६
१ जुलै १९९०, रविवार. मध्यरात्रीचे बारा वाजले आणि पूर्व बर्लिनमधील अलेक्झांडरप्लाट्झ या चौकात डॉयचे बँकेच्या नव्या शाखेचे दरवाजे उघडले. बाहेर हजारो माणसे ताटकळत उभी होती. त्या क्षणापासून पूर्व जर्मनीचे चलन रद्द झाले होते आणि पश्चिम जर्मनीचा डॉइशमार्क तिथले अधिकृत नाणे झाला होता. वेतनासाठी ठरलेला भाव होता एकास एक.

२/२६
या भावाविषयी एक मत गेली तीन दशके रूढ आहे. राजकारण्यांनी मतांसाठी अर्थशास्त्र धाब्यावर बसवले, दुबळ्या नाण्याला बळकट नाण्याच्या पंक्तीत बसवले आणि त्या एका निर्णयाने पूर्वेकडचे उद्योग मेले, असे ते मत. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे समजण्यासाठी या दोन मार्कांच्या भावाचा इतिहास आरंभापासून पाहावा लागतो.

३/२६
दोन्ही मार्क एकाच आठवड्यात जन्मले. २० जून १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यातील विभागांत नवा डॉइशमार्क आला. माणशी ४० मार्क प्रथम हाती पडले. जुने राइखमार्क तिथे बाद होताच ते पूर्वेकडे लोटतील, हे उघड होते. म्हणून २३ जूनला सोव्हिएत विभागानेही चलन बदलले. नव्या नोटा तयार नव्हत्या. जुन्याच नोटांवर चिकटपट्ट्या डकवून काम भागवले गेले. दुसऱ्याच दिवशी बर्लिनची नाकेबंदी पूर्ण झाली.

४/२६
बर्लिनमध्ये मग एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. शहर एक, चलने दोन आणि मध्ये अजून भिंत नाही. पश्चिम बर्लिनमध्ये नाणे बदलून देणारी दुकाने निघाली. तिथे रोजचा भाव फुटे आणि सामान्यतः एका पश्चिमी मार्काला चार-पाच पूर्वेचे मार्क मिळत. पूर्वेचे सरकार मात्र आपल्या मार्काचे मोल पश्चिमेच्या मार्काइतकेच आहे, हे शेवटपर्यंत सांगत राहिले.

५/२६
या तफावतीवर शहराचे दैनंदिन जीवन चाले. पश्चिमेचा रहिवासी पूर्वेकडे जाऊन केस कापून येई, सरकारी अनुदानामुळे स्वस्त असलेला पाव घेऊन येई. पूर्व बर्लिनचे हजारो रहिवासी पश्चिमेकडे कामाला जात. वेतनाचा काही भाग पश्चिमी मार्कांत मिळाला तरी घरी त्याचे चौपट होत. शेजारी दिवसभर राबूनही मागे पडे. ऑगस्ट १९६१ मध्ये भिंत उभी राहण्यामागे माणसांची गळती हे मुख्य कारण होते. पण त्या गळतीला या भावाचा उतार होता.

६/२६
भिंतीआधीचा एक प्रसंग बोलका आहे. १३ ऑक्टोबर १९५७, रविवार. पूर्व जर्मनीच्या सरकारने सकाळी अचानक जाहीर केले, की चलनातील नोटा रद्द झाल्या असून त्या दिवसभरात बदलून घ्याव्यात. रोखीने फक्त ३०० मार्क मिळणार होते, उरलेले खात्यावर. उद्देश होता पश्चिम बर्लिनच्या बाजारात साठलेल्या पूर्वेच्या नोटांचा कागद करून टाकणे. नोटा मेल्या, बट्टा मात्र लवकरच पुन्हा लागू लागला.

७/२६
पुढे सरकारने स्वतःच या बट्ट्यातून उत्पन्न काढले. डिसेंबर १९६४ पासून पूर्वेत येणाऱ्या पश्चिमेच्या पाहुण्याला दरदिवशी ठरावीक रक्कम बदलून घेण्याची सक्ती झाली. भाव अर्थातच एकास एक. आरंभी ही रक्कम ५ मार्क होती, १९८० च्या ऑक्टोबरपासून ती २५ झाली. उरलेले पूर्वेचे मार्क परत नेता येत नसत. आईला किंवा बहिणीला भेटण्याचे हे शुल्कच होते, फक्त त्याचे नाव विनिमय होते.

८/२६
देशाच्या आतही दोन नाण्यांची दोन जगे झाली. ‘इंटरशॉप’ नावाच्या सरकारी दुकानांत पाश्चात्त्य कॉफी, साबण, जीनची पँट मिळे. पण केवळ परकीय चलनात. १९७४ मध्ये नागरिकांना पश्चिमी चलन बाळगण्याची मुभा मिळाली. ज्याचा मामा हांबुर्गला, त्याच्या घरी कॉफीचा दरवळ. ज्याचे सारे आप्त पूर्वेतच, त्याने निष्ठेने काम करून काय मिळवले, हा प्रश्न श्रमिकांच्या म्हणवल्या जाणाऱ्या राज्यात उघडपणे विचारता येत नव्हता.

९/२६
पश्चिमेच्या १०० मार्कांच्या नोटेचा रंग निळा होता. त्यामुळे ‘निळ्या फरशा’ हा सांकेतिक शब्द रूढ झाला. नळ दुरुस्त करणारा किंवा गाडीचा सुटा भाग मिळवून देणारा कारागीर निळ्या फरशा आहेत का, असे विचारी. अधिकृत भाव वर्तमानपत्रात छापला जाई आणि खरा भाव गवंड्याच्या ओठावर असे. लोकांना फसवले जात होते असे नव्हे. प्रत्येकाला दोन्ही भाव ठाऊक होते.

१०/२६
आणि सरकारलाही ते ठाऊक होते. निर्यात करणाऱ्या कारखान्यांचा हिशेब करताना नियोजनखाते एक गुप्त गुणक वापरी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो ४.४० होता, म्हणजे पश्चिमेत एक डॉइशमार्क कमावण्यासाठी सरासरीने पूर्वेचे ४ मार्क ४० फेनिग खर्ची पडत. जनतेसाठी एकास एक, पाहुण्यासाठी एकास एक आणि कपाटातील वहीत चारास एक.

११/२६
९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत उघडली आणि वहीतले सत्य रस्त्यावर आले. पूर्वेच्या पाहुण्याला पश्चिम जर्मनी १०० मार्कांचे स्वागतधन देत होती. ते संपले की पुढे काय? रस्त्यावरच्या बाजारात पूर्वेचा मार्क दहास एकपर्यंत आणि त्याहूनही खाली घसरला. १ जानेवारी १९९० पासून पश्चिमेच्या पाहुण्यांसाठीचा अधिकृत भावही तीनास एक झाला. चाळीस वर्षांच्या बचतीचे मोल रोज सकाळी वेगळे निघू लागले.

१२/२६
माणसे निघून जात होती. १९८९ या एका वर्षात ३ लाख ४० हजारांहून अधिक लोक पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेत गेले. नव्या वर्षाच्या आरंभीही दररोज सुमारे २ हजारांचा ओघ चालू होता. त्यांत परिचारिका होत्या, बसचालक होते, तरुण अभियंते होते. डॉइशमार्क आमच्याकडे आला तर राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ, अशा अर्थाची घोषणा मोर्च्यांत दिली जाऊ लागली. भावाचा प्रश्न घरादाराचा प्रश्न झाला होता.

१३/२६
६ फेब्रुवारी १९९० रोजी पश्चिम जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे बुंडेसबँकेचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल पूर्व बर्लिनमध्ये होते. चलन एक करण्याचा विचार अवास्तव आहे, असे त्यांनी तिथे सांगितले. त्याच दिवशी बॉनमध्ये चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी चलन एक करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. देशाच्या नाण्याचे राखणदार ज्यांना म्हणत, त्यांनाच आधी कोणी विचारले नव्हते.

१४/२६
१८ मार्चच्या निवडणुकीत कोल यांच्या पाठिंब्यावरील आघाडीला पूर्वेत सुमारे ४८ टक्के मते पडली. लगेचच बुंडेसबँकेची शिफारस बाहेर फुटली : भाव दोनास एक ठेवावा, फक्त बचतीची छोटी रक्कम एकास एक बदलावी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्व जर्मनीच्या शहरांतून लाखो लोक रस्त्यावर आले. एकास एक नसेल तर आपण कधीच एक होणार नाही, असा त्यांच्या घोषणेचा आशय होता.

१५/२६
अर्थतज्ज्ञांनी या मोर्च्यांकडे भावनेचा उद्रेक म्हणून पाहिले. पण आकडे पाहिले तर भावना आणि हिशेब इतके दूर नव्हते. पूर्वेतील सरासरी निवृत्तिवेतन दरमहा सुमारे साडेचारशे मार्क होते. ते दोनास एकने बदलले असते, तर युद्धानंतर राडारोडा उपसलेल्या पिढीच्या हाती पश्चिमेच्या किमती भरण्यासाठी महिन्याला सव्वादोनशे मार्क आले असते. त्याला विनिमय म्हणण्यापेक्षा दंड म्हणणे योग्य ठरले असते.

१६/२६
वेतनाचेही तसेच. पूर्वेचे सरासरी वेतन एकास एकने मोजले, तरी ते पश्चिमेच्या जेमतेम एक तृतीयांश भरत होते. पूर्वेच्या कामगाराची उत्पादकताही साधारण त्याच प्रमाणात कमी असल्याचे तेव्हाचे अंदाज होते. म्हणजे एकास एक या भावाने पूर्वेचा कामगार पश्चिमेच्या कामगाराच्या बरोबरीला येत नव्हताच. तो भाव ऐकायला समतेचा होता; प्रत्यक्षात तो तिसऱ्या पायरीवर उभे राहण्याचा परवाना होता.

१७/२६
१८ मे १९९० रोजी बॉनमध्ये करार झाला. वेतने, निवृत्तिवेतने, भाडी एकास एक. बचतीसाठी वयानुसार पायऱ्या : १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना २ हजार, १५ ते ५९ वयाच्यांना ४ हजार आणि ६० व त्यावरील ज्येष्ठांना ६ हजार मार्कांपर्यंत एकास एक, त्यावरील रक्कम दोनास एक. देशाबाहेरच्यांनी १९९० मध्ये मिळवलेल्या ठेवींना तीनास एक. रोकड थेट बदलून मिळत नव्हती, आधी खात्यावर भरावी लागे. सारे मिळून सरासरी भाव १.८ च्या आसपास पडला.

१८/२६
या कलमांकडे जरा थांबून पाहावे. आजोबांना किती, नातवाला किती, परक्याला किती, एवढा बारीक विचार या करारात आहे. म्हणजे वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळा भाव लावणे शासनाला अशक्य नव्हते. ‘एकास एक’ हा एकच आकडा डोळे मिटून सर्वत्र लावला गेला, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. जिथे विचार करायचे ठरवले, तिथे तो केला गेला.

१९/२६
कुठे केला गेला नाही? कारखान्यांच्या बाबतीत. काल ज्या निर्यातीसाठी चारास एक असा गुप्त हिशेब चाले, तिला आज एकास एकने वेतन द्यायचे होते. पश्चिमेच्या बाजाराच्या दृष्टीने पूर्वेचा माल एका रात्रीत चौपटीहून महाग झाला. तशात घरचा ग्राहकही गेला : चाळीस वर्षे जे मिळाले नाही ते दुकानात आल्यावर पूर्वेचे दूध, पूर्वेचा मुरंबा, पूर्वेचा साबण कोण घेणार?

२०/२६
त्याहून कमी चर्चिलेली गोष्ट कर्जांची. नियोजित अर्थव्यवस्थेत कारखान्याचा नफा सरकार काढून घेई आणि खर्चासाठी तीच रक्कम ‘कर्ज’ म्हणून परत देई. ती बव्हंशी वहीतली नोंद होती. कारखानदाराने बाजारात उचललेले कर्ज नव्हे. करारान्वये या नोंदी दोनास एकने डॉइशमार्कांतील खऱ्या कर्जांत बदलल्या. ज्यांनी कर्ज कधी मागितले नव्हते, त्या कारखान्यांना व्याज सुरू झाले.

२१/२६
परिणाम वेगाने दिसले. १९९० च्या उत्तरार्धात पूर्वेचे औद्योगिक उत्पादन आधीच्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आले. १९९१ च्या आरंभापासून पूर्व युरोपशी व्यवहारही दृढ चलनात होऊ लागले आणि सोव्हिएत बाजारपेठ हातची गेली. त्या वसंतात सुमारे २० लाख कामगार ‘कमी तासांचे काम’ या नावाखाली नोंदलेले होते. पुष्कळांना प्रत्यक्षात कामच नव्हते. एप्रिल १९९१ मध्ये आयझेनाखची वार्टबुर्ग आणि झ्विकाऊची ट्राबांट या दोन्ही मोटारींचे उत्पादन थांबले. ट्राबांटसाठी माणसे दहा-दहा वर्षे नाव नोंदवून थांबत. आता ती फुकटही नकोशी झाली.

२२/२६
त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ आणि जॅनेट येलेन (पुढे अमेरिकेच्या अर्थमंत्री) यांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वेच्या मोठ्या उद्योगसमूहांतील कामगारांपैकी केवळ ८ टक्क्यांच्या आसपास कामगार अशा समूहांत होते, जे नव्या परिस्थितीत निदान चालू खर्च भागवू शकत. त्यांचा उपाय स्पष्ट होता : वेतन कापू नका, काही काळ वेतनाला अनुदान द्या. माणसे कमी पगारामुळे नव्हे, तर कामच नसल्यामुळे देश सोडतात, असेही त्यांच्या पाहणीतून दिसले.

२३/२६
अनुदान आले नाही. उलट वेतने वाढली. मार्च १९९१ मध्ये धातुउद्योगात करार झाला, की १९९४ पर्यंत पूर्वेचे मूळ वेतन पश्चिमेइतके करायचे. वाटाघाटीला दोन्ही बाजूंनी बव्हंशी पश्चिमेकडच्याच संघटनांचे लोक बसले होते. पूर्वेत स्वस्त मजुरीचे प्रतिस्पर्धी उभे राहू नयेत, यात पश्चिमेच्या मालकांचे हित होते आणि कामगारसंघटनांचेही. पूर्वेचे कारखाने तेव्हा ट्रॉयहान्ट या सरकारी न्यासाकडे विक्रीसाठी होते. त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणणारा धनी खोलीत नव्हता. १९९० मधील एकास एक या भावापेक्षा या वेतनवाढीचा घाव अधिक खोल होता.

२४/२६
ट्रॉयहान्टकडे आरंभी सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि ४० लाख कामगार होते. विक्रीतून शेकडो अब्ज मार्क मिळतील, अशी पहिली अपेक्षा होती. १९९४ च्या अखेरीस न्यास बंद झाला, तेव्हा शिल्लक उरली अडीचशे अब्ज मार्कांहून अधिक तुटीची. तीन-चार वर्षांत पूर्वेतील साधारण दर तीन नोकऱ्यांमागे एक नाहीशी झाली. मार्च १९९१ मध्ये प्योल यांनी चलनाच्या या एकीकरणाचा परिणाम अनर्थकारक असल्याचे जाहीरपणे म्हटले. दोन महिन्यांनी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली.

२५/२६
म्हणून ‘एकास एक ही चूक होती’ हे वाक्य अपुरे आहे आणि काहीसे अन्यायाचेही. त्यात दोष वृद्धेच्या पासबुकावर आणि मोर्चातल्या कामगारावर ढकलला जातो. जणू त्यांनी अधिक मागितले म्हणून कारखाने बुडाले. त्यांनी मागितले ते जगण्यापुरते होते. दोष आहे तो भाव ठरला की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांचा. वयाच्या तीन पायऱ्या आखताना दाखवलेली बुद्धी कर्जाच्या कलमापाशी आणि वेतनाच्या टेबलाशी न वापरणाऱ्यांचा. भाव माणसांसाठी योग्य होता आणि कारखान्यांसाठी घातक. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि दुसरीवर उपाय शक्य होता.

२६/२६
पूर्वेच्या रद्द नोटा पुढे हाल्बरश्टाटजवळच्या एका भुयारात गाडण्यात आल्या. तिथून चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा २००२ मध्ये त्या बाहेर काढून जाळाव्या लागल्या. नाण्याचा शेवट असा करता येतो. पण भाव ठरवताना जे हिशेबात धरले नाही, ते भुयारात राहत नाही. आजही पूर्व जर्मनीतील वेतने पश्चिमेपेक्षा कमी आहेत आणि आपल्याला दुय्यम लेखले गेले ही सल तिथल्या राजकारणात वारंवार वर येते. विनिमयाचा भाव म्हणजे दोन नाण्यांमधला आकडा असे पाठ्यपुस्तक सांगते. तो दोन समाजांमधला करार असतो आणि करारात सही झालेल्या आकड्याइतकेच मोल न लिहिलेल्या कलमांचे असते.

#इतिहास #अर्थकारण